मलाखी आणि मत्तय यांच्या मधली पानं

मुलाकडे पेन्सिल्व्हेनियात राहायला गेले होते, तेव्हा एका शनिवारी सुनेने मला तिथल्या जुन्या बाजारात नेलं. पुण्याच्या जुन्या बाजाराची सवय असलेल्या माणसाला तो फारच शिस्तीचा वाटतो. धूळ नाही, घासाघीस नाही, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी. एका शिवणयंत्राखाली, फरशीला लागून, चार बायबलं एकावर एक रचून ठेवली होती. वरचं उचलायला दोन्ही हात लागले. पाच-सहा किलो सहज भरलं असतं. ठसे उठवलेलं काळपट कातडं, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, दोन पितळी कड्या आणि त्यातली एक तुटलेली.

पाटावर बसून पोथी वाचणाऱ्या आजीची मी नात. मी सरळ खाली मांडी घातली आणि ते उघडलं. पहिल्या चित्रावर कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद होता. जलप्रलयाच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बोटांचे मळके ठसे, तेही लहान बोटांचे. ‘लेवीय’ या पुस्तकाची पानं मात्र कोरी करकरीत, दीडशे वर्षांत तिकडे कुणी फिरकलंच नसावं अशी. आणि पुढे, जुना करार मलाखीपाशी संपतो आणि नवा मत्तयापासून सुरू होतो त्या सांध्यात, चार पानं निराळीच निघाली. वेलबुट्टीची चौकट, आखलेल्या ओळी, वर छापील मथळे: जन्म, विवाह, मृत्यू. त्याखाली शाईने लिहिलेली एका घराची हकिगत.

नऊ जन्म. मृत्यूंच्या पानावर त्या नऊतले चार, सगळे पाच वर्षांच्या आतले. एक नाव जन्मांत दोनदा आलेलं, म्हणजे पहिलं मूल गेलं आणि तेच नाव पुढच्याला ठेवलं. सुरुवातीची शाई तपकिरी पडलेली, अक्षर ठाशीव. मध्येच हात बदलतो, अक्षर बारीक आणि तिरकं होतं. शेवटची नोंद निळ्या बॉलपेनची. त्याखाली सहा ओळी रिकाम्या. पानांच्या बेचक्यात दोऱ्याने बांधलेली केसांची बट होती. ती कोणत्या नोंदीतल्या माणसाची, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

चिठ्ठीवर ४० डॉलर लिहिलं होतं. मी इतका वेळ खाली बसलेली पाहून दुकानदार आला आणि म्हणाला, पंचवीसला न्या, ही विकली जात नाहीत. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे अशाच बायबलातून कापलेली चित्रं चौकटीत घालून टांगली होती. एकेका चित्राचे पंधरा डॉलर येतात. कधी कुणी वंशावळीचा नादिष्ट आला, तर त्याला नोंदींचं पान तेवढं कापून मिळतं. बाकीचं रद्दीत.

मी ते घेतलं नाही. विमानात सामानाला मर्यादा, आणि परतीच्या बॅगेत मुलाने आधीच काय काय कोंबलं होतं. पण त्या दुकानदाराशी तेव्हा जे भांडण करायला हवं होतं ते आज करते आहे. त्याच्या मते त्या पुस्तकात दोन विकाऊ वस्तू होत्या, चित्रं आणि नोंदी, आणि उरलेला कागद निकामी. माझं म्हणणं असं की त्या दोन्ही वस्तूंना जो काही अर्थ आहे तो त्या उरलेल्या कागदामुळे आहे.

त्याची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही बायबलं दुर्मीळ नाहीत. ‘अँटिक’ म्हटलं की आपल्याला लाखांचे आकडे दिसू लागतात, पण एकोणिसाव्या शतकातलं घरगुती बायबल हे त्या काळात सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या जाडजूड पुस्तकांपैकी एक. त्यामागे धर्माइतकाच धंदा होता. इंग्लंडमध्ये १६११ च्या किंग जेम्स भाषांतराच्या छपाईचा हक्क राजाचा मुद्रक आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज ही विद्यापीठं यांच्याकडेच होता. बाकीच्या छापखान्यांनी अठराव्या शतकात त्यातून पळवाट काढली. नुसतं बायबल छापायचं नाही, टीपा आणि चित्रं घातलेलं ‘कुटुंबासाठी बायबल’ छापायचं. म्हणजे ते वेगळं पुस्तक झालं! काहींनी तर टीपा पानाच्या इतक्या तळाशी छापल्या की बांधणाऱ्याने कात्री चालवली की टीपा गायब. चित्रांचं बायबल घरोघरी पोचलं त्याला भक्तीइतकीच ही कायद्यातली फट कारण आहे. मला हे वाचून बरं वाटलं. पवित्र गोष्टींच्या मुळाशी असा थोडा व्यवहार असला की त्या जास्त खऱ्या वाटतात.

अमेरिकेत हा धंदा आणखी फोफावला. मॅसेच्युसेट्समधल्या वुस्टरच्या आयझाया थॉमसने १७९१ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या पन्नास चित्रांचं मोठं बायबल काढलं. ज्यांना सगळे पैसे रोख देणं झेपणार नाही त्यांनी अर्धी किंमत गहू, राय, मका, लोणी किंवा डुकराच्या मांसाच्या रूपात आणून द्यावी, अशी सवलत त्याने ग्राहकांना जाहीर केली होती. पुढे १८४३ ते १८४६ या काळात न्यूयॉर्कच्या हार्पर बंधूंनी चोपन्न भागांत, पंचवीस सेंटला एक भाग याप्रमाणे, सोळाशेहून अधिक कोरीव चित्रांचं बायबल काढलं. लोक भाग जमवत आणि शेवटी बांधून घेत. नंतर दारोदार फिरणारे एजंट आले. त्यांच्याकडे नमुन्याची पोथी असे: चार चित्रं, कातड्याचे दोन-तीन प्रकार, आणि मागे गिऱ्हाइकांची नावं लिहायच्या ओळी. विश्वकोश दारावर विकत घेतलेल्या पिढीला हे सांगायला नको.

म्हणून या बायबलांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की ती दिवाणखान्यातली मिरवायची वस्तू होती, वाचायची नव्हे. आक्षेपात तथ्य आहे; लेवीयाची कोरी पानं मी स्वतः पाहिली. पण ज्या वस्तूचं वजन झेपत नाही, जी प्रवासात नेता येत नाही, जी मधोमध मेजावर पडून राहते, तिच्यातच घरातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवणं शहाणपणाचं आहे. हलकं पुस्तक हरवतं. हे हरवत नाही. आपल्याकडे जुन्या घरात महत्त्वाचे कागद तांदळाच्या डब्यात का ठेवत, तेच कारण.

आता त्या चार पानांकडे. त्यांचं मोल कळायला सरकारी दप्तरं किती उशिरा आली हे पाहावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. अमेरिकेत ती राज्याराज्यांत रखडत गेली आणि सगळी राज्यं जन्मनोंदणीच्या व्यवस्थेत यायला १९३३ उजाडलं. तिथल्या जनगणनेत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बायको, मुलं, म्हातारी माणसं म्हणजे रकान्यातले आकडे. घरातल्या, गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव १८५० पासून लिहिलं जाऊ लागलं. त्याआधी एखादी बाई लग्न होऊन आली, सात मुलं झाली, तीन गेली, तीही गेली, तर तिचं माहेरचं आडनाव आणि त्या तीन मुलांची नावं कुठे सापडणार? चर्चचं दप्तर टिकलं असेल तर तिथे, थडग्याचा दगड परवडला असेल तर त्यावर. नाहीतर मलाखी आणि मत्तय यांच्या मध्ये.

या कागदाला पैशाची किंमत आली ती पेन्शनमुळे. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन देणारा कायदा अमेरिकेत १८३६ साली झाला. अट अशी की लग्न नवऱ्याची अखेरची सैन्यसेवा संपण्याआधी झालेलं असावं. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाचा पुरावा ऐंशीच्या घरातल्या बायकांनी आणायचा कुठून? त्यांनी घरचं बायबल काढलं, नोंदींचं पान फाडलं आणि अर्जाला जोडलं. ती पानं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या त्या अर्जांच्या फायलींत आहेत. नातवंडांची नावं लिहायची जागा पेन्शनच्या फायलीत गेली. तो निर्णय सोपा नसणार, पण चूल पेटायला हवी होती.

हा पुरावा पुढेही चालत राहिला. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांच्या पुरावाविषयक नियमांत ऐकीव गोष्ट ग्राह्य न धरण्याच्या तत्त्वाला जे अपवाद आहेत, त्यांत कौटुंबिक नोंदींचा एक आहे, आणि उदाहरणादाखल त्यात बायबलचं नाव घेतलेलं आहे; अंगठीवर कोरलेला मजकूर आणि थडग्यावरचा लेख त्याच यादीत. तिथल्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या नियमांतही वयाचा पुरावा म्हणून मूळ कौटुंबिक बायबल चालतं. आपल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ३२ मध्ये कुळाची वंशावळ, थडग्याचा दगड, घरातलं चित्र यांवरच्या नात्यांविषयीच्या मजकुराला अशीच जागा होती. बायबलचा उल्लेख तिथे नाही, पण अशी विधानं ज्यांवर सहसा केली जातात अशा इतर वस्तूंना दार उघडं ठेवलं होतं. ज्या देशात शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख दिलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात, आणि ज्यांच्या आज्या ‘प्लेगच्या साली’ जन्मलेल्या असत, तिथे असं दार उघडं असणं बरंच.

आता दुसरी बाजू. घरातल्या माणसाने लिहिलं म्हणून ते खरं, असं थोडंच आहे? उलट, घरातल्या माणसालाच खोटं लिहायचं कारण असतं. पहिलं मूल लग्नानंतर सहा महिन्यांत झालं असेल तर लग्नाचं साल एकाने मागे सरकतं. पेन्शनची अट कळल्यावर तारीख आपोआप अटीत बसते. पळून गेलेल्या मुलीचं नाव खरवडलेलं असतं आणि तिथला कागद उजेडात धरला की पातळ दिसतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही बायबलांत मालकाच्या मुलांच्या नोंदी संपल्या की पुढे गुलामांच्या मुलांचे जन्म लिहिलेले सापडतात: नुसतं पहिलं नाव, आईचं नाव, तारीख. बापाचा रकाना नाही. ती मालमत्तेची नोंद आहे. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिलं की आपलं नेमकं वय आपल्याला माहीत नाही. त्याच्या जन्माचा महिना आणि साल, फेब्रुवारी १८१८, मालकाच्या खतावणीत नोंदलेलं होतं. ते बायबल नव्हतं, हिशोबाची वही होती. पण ज्याचा जन्म, त्याला तो माहीत नाही आणि ज्याची मालकी, त्याला माहीत आहे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्या कितीतरी कुटुंबांनी काटकसरीच्या पैशातून मोठं बायबल घेतलं आणि त्या पानांवर नवरा, बायको, मुलं अशी आपली नावं आडनावासकट लिहिली. कायद्याने ज्यांचं लग्न काल-परवापर्यंत लग्नच नव्हतं, त्यांच्यासाठी विवाहाचा तो छापील मथळा ही केवळ नक्षी नव्हती.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? इथेच मला दुकानदाराची कात्री आठवते. वंशावळीचे जाणकार अशा पानावर सगळ्यात आधी नोंदी वाचत नाहीत. ते पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटतात आणि छपाईचं साल पाहतात. ते झिजलं असेल तर नव्या कराराचं स्वतंत्र मुखपृष्ठ असतं, त्यावर पाहतात. समजा पुस्तक १८५२ साली छापलं आहे आणि जन्माच्या नोंदी १७९० पासून आहेत, त्याही एकाच शाईत, एकाच हाताच्या, एका दमात लिहिल्यासारख्या. म्हणजे त्या कुणीतरी नंतर बसून, आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवल्या. त्या खोट्याच असतील असं नाही, पण त्यांचं वजन कमी. उलट पुस्तक आधीचं, आणि प्रत्येक नोंद वेगळ्या शाईची, वेगळ्या टोकाची, अक्षर वयाबरोबर थरथरत गेलेलं, तर बाळ जन्मल्याच्या आठवड्यातच बापाने किंवा आईने ती ओळ लिहिली असावी असं मानायला आधार मिळतो. ही परीक्षा सुट्या पानावर करता येत नाही. वॉशिंग्टनच्या फायलींतल्या पुष्कळ पानांचं हेच दुखणं: पान आहे, साक्ष आहे, पण साक्षीदाराचं वय सांगणारं मुखपृष्ठ मागे राहिलं. ज्याने पान कापून घेतलं त्याने आपल्या पणजोबांची जन्मतारीख मिळवली आणि ती खरी मानण्याचं कारण रद्दीत टाकलं.

जागेचंही महत्त्व आहे. छापणाऱ्यांनी ही पानं अगदी शेवटी किंवा सुरुवातीला घातली असती तरी चाललं असतं. काहींनी तशी घातलीही. पण दोन करारांच्या सांध्यात ती पडली की एक गंमत होते. उत्पत्तीच्या समासात जगाच्या निर्मितीचं साल ख्रिस्तपूर्व ४००४ छापलेलं असे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांचा हा हिशोब १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात येऊ लागला. तिथून साल सरकत सरकत मलाखीपर्यंत येतं, मग मध्येच एका शेतकऱ्याच्या नऊ मुलांचे जन्म, आणि पान उलटलं की मत्तयाचा पहिला अध्याय, जो वंशावळीनेच सुरू होतो. अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. म्हणजे त्या शेतकऱ्याची यादी संपते तिथे शास्त्राची यादी सुरू होते. त्या शास्त्राच्या यादीत मरीयेखेरीज ज्या चार स्त्रिया आहेत त्याही पाहण्यासारख्या: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. चौघींची कहाणी कुठल्याही प्रतिष्ठित घराने दडवली असती अशी. नाव खरवडायला चाकू उचललेल्या माणसाने पुढचं पान वाचलं असतं का, कोण जाणे.

जॉर्ज एलियटच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ या १८६० च्या कादंबरीत या पानाचा जो उपयोग केला आहे तो कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगून जातो. टलिव्हर दिवाळखोर होतो. ज्याच्यामुळे बुडाला त्या वेकमच्याच हाताखाली, स्वतःच्याच गिरणीवर, नोकरी करायची पाळी येते. बायकोला शब्द दिला म्हणून तो कबूल होतो. मग घरचं बायबल काढायला लावतो आणि मुलाला, टॉमला, नोंदींच्या पानावर लिहायला सांगतो: नोकरी करीन, पण वेकमला क्षमा करणार नाही, त्याचं वाईट होवो, आणि मुलानेही हे विसरू नये. मॅगी, धाकटी, हे लिहिणं बरं नव्हे म्हणून कळवळून विनवते. टॉम तिला गप्प बसवतो आणि सही करतो. क्षमेच्या पुस्तकात वैराची नोंद! टलिव्हरला यात विसंगती दिसतच नाही. त्याच्या लेखी तो देवाचा ग्रंथ असण्याआधी घराचं दप्तर आहे, आणि घरातलं सगळ्यात खरं ते तिथेच लिहायचं. मला हा माणूस फार ओळखीचा वाटतो. आपल्याकडे बेलभंडारा उचलून भाऊबंदकीच्या शपथा घेणारे लोक कमी झाले आहेत का?

आता चित्रं. पंधरा डॉलरची ती चित्रं बहुधा दोरेची होती. गुस्ताव दोरे (१८३२–१८८३), स्ट्रासबर्गचा. चित्रकलेच्या शाळेत गेला नाही. १८६६ साली तूर इथल्या माम या प्रकाशकाने त्याच्या दोनशेहून अधिक चित्रांचं फ्रेंच बायबल दोन खंडांत काढलं आणि पाठोपाठ लंडनहून कॅसलची इंग्रजी आवृत्ती आली. दोरे लाकडी ठोकळ्यावर थेट रंगवत असे आणि कोरणारे कारागीर त्या काळ्या-करड्या छटा बारीक रेघांत उतरवत. ठोकळा बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचा. त्या झाडाचं खोड रुंद नसतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी तुकडे बोल्टने जोडत. जुन्या छापात भिंग धरून पाहिलं तर कधी कधी आभाळातून आरपार गेलेली एक केसाएवढी पांढरी रेघ दिसते, तो सांधा. मूळ ठोकळ्यावरून विद्युत-प्रक्रियेने तांब्याचे ठसे काढता येत आणि ते दुसऱ्या देशातल्या छापखान्याला पुरवता येत. त्यामुळे एकच मोशे अनेक भाषांच्या बायबलांत एकाच ढगाखाली उभा राहिला.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे घराघरांत कायमचे ठरून गेले; तसंच दोरेने मोशेचं केलं. सेसिल डेमिलच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ या चित्रपटातल्या दृश्यांवरही दोरेची छाप आहे. यात तोटाही झाला. पॅलेस्टाइनवर फ्रेंच रंगभूमीचा उजेड पडला आणि तिथली माणसं युरोपीय झाली. याला उत्तर असावं तसं एक बायबल दोरेच्या तीस वर्षं आधी निघालं होतं, जॉन किटो या प्लिमथच्या माणसाचं. बारा वर्षांचा असताना शिडीवरून पडून तो ठार बहिरा झाला. काही वर्षं अनाथ-गरिबांच्या आश्रमात जोडे शिवत काढली. पुढे मिशनऱ्यांबरोबर बगदादपर्यंत गेला. १८३६ ते १८३८ मध्ये त्याने ‘पिक्टोरियल बायबल’ संपादित केलं, त्यात देवदूतांपेक्षा वनस्पती, नाणी, इजिप्तच्या भिंतींवरची शेतकामं यांना जास्त जागा दिली. अंजिराचं झाड म्हणजे हे, नांगर म्हणजे हा. मला किटो दोरेपेक्षा जवळचा वाटतो. पण पोरांच्या बोटांचे ठसे जलप्रलयावर होते, हेही खरं.

आणि तो ठसा हीच चित्राची खरी नोंद आहे. चौकटीत टांगलेल्या दोरेवर बोटं उमटत नाहीत. दिव्याच्या उजेडात कुणीतरी वाचत असताना ज्या मुलाला अक्षर येत नव्हतं त्याने पाण्यात बुडणाऱ्या माणसांवर बोट ठेवलं. पुढच्या चार पानांत त्या मुलाचं नाव आहे, कदाचित पाच वर्षांच्या आत गेलेल्या चौघांतलं. चित्र एका घरात आणि नाव दुसऱ्या घरात गेलं, की हे दोन्ही मुके होतात.

श्रद्धा गेली की या पुस्तकाचा अर्थ संपतो का? व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या वडिलांचा, ते डच पाद्री, मृत्यू मार्च १८८५ मध्ये झाला. मुलाचं आणि त्यांचं धर्मावरून पटत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिन्सेंटने वडिलांचं जाडजूड, पितळी कोपऱ्यांचं बायबल यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर उघडून रंगवलं. शेजारी विझलेली मेणबत्ती आणि एमिल झोलाच्या एका कादंबरीची पिवळी, वाचून झिजलेली प्रत. दोघांतलं भांडण त्या मेजावर तसंच आहे, मिटवलेलं नाही. पण भांडायला समोर कुणी तरी लागतं, आणि वडील गेल्यावर ते बायबल तेवढं उरलं होतं.

मराठीशी याचा संबंध जोडताना मला थोडं सावध राहायला हवं. मराठी ख्रिस्ती घरांत ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात ते मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली नव्या कराराच्या रूपात छापलं, आणि पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, आणि रमाबाई १९२२ साली गेल्यानंतर, १९२४ मध्ये, ते पुरं होऊन बाहेर आलं. पण आपल्यातल्या बहुसंख्य घरांत शास्त्राच्या पुस्तकात घराची नोंद करायची रीत नव्हती. पोथी सोवळ्यात, लाल रुमालात. तिच्या शेवटच्या पानावर लेखकाचं नाव, शक आणि तिथी असते. आपल्या नातवाचा जन्म नसतो. ती जबाबदारी आपण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर टाकली. गाव आणि आडनाव सांगितलं की खापरपणजोबांची सही ते काढून देतात, आणि तो अनुभव अंगावर काटा आणणारा आहे. नंतर कुलवृत्तांत छापले गेले. आमच्या घराण्याचाही आहे. त्यात माझी एक आत्या ‘कन्या, अविवाहित, मृत’ एवढ्यावर आटोपली आहे. नाव नाही. तिच्या जन्माची ओळ तिच्या आईने कुठे तरी शाईने लिहिली असती तर ते खोडायला तरी कुणाला चाकू लागला असता.

आता सगळं स्कॅन होतं, असं मुलगा म्हणतो. खरं आहे, आणि ते करावंच. १८५० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लाने तपकिरी पडून बिस्किटासारखा मोडतो, तो काही आपल्यासाठी थांबणार नाही. पण मी पाहिलेली बहुतेक स्कॅन केलेली बायबलं म्हणजे ती चार पानं, फक्त. कापण्याचं काम कात्रीऐवजी कॅमेऱ्याने केलं, इतकाच फरक.

तेव्हा घरात असं बायबल, कुराण, गाथा, ज्ञानेश्वरीची जुनी शिळाछाप प्रत, काहीही असेल आणि त्यात कुणी चार नावं लिहिली असतील, तर फोटो काढताना मुखपृष्ठाचा काढा, छपाईच्या सालाचा काढा, बांधणीचा, डागांचा, पानांत सापडलेल्या वाळक्या पानाचा, सगळ्याचा काढा. ज्या पानांत ते सापडलं त्याच पानांत परत ठेवा. आणि ओळी रिकाम्या असतील तर पुढची नोंद करा. बॉलपेन चालेल.